सुगनबाईंची वीस शेरांची गाठ

धुळे, गल्ली नंबर चार,
शनिवार, ता. १५ मे १९३७

रा. रा. अभिमन नाना यांच्या पायाशी तुमच्या बहिणीच्या नवऱ्याचा, म्हणजे तोतारामचा, हात जोडून रामराम. (उजव्या हाताच्या दोन बोटांना चिंधी आहे, त्यामुळे हात नीट जुळत नाहीत, पण जुळले असं समजावं.) तुमच्या छातीतला कफ मोकळा झाला का, वहिनींची दाढ राहिली की काढली, आणि मुंबईचं पाणी अजून बाधतं का, ते सवडीने कळवावं. इकडे सर्व क्षेम. तुमच्या बहिणीचा गुडघा जिना चढताना दुखतो, भांडताना दुखत नाही. परवा अक्षय तृतीया, म्हणजे आपली आखाजी, झाली. सांजोऱ्या झाल्या, आमरस झाला, आणि माहेरी बोलवायला भाऊ आला नाही म्हणून दोन दिवस माझ्याशी अबोला झाला. भाऊ तुम्ही, शिक्षा मला. पण ते असो. हे पत्र केवळ खुशालीचं आहे, त्यात काही मागणं नाही, हे आरंभीच लिहून ठेवतो.

नाना, तुम्ही गोदीत मुकादम. शंभर तऱ्हेचं सामान रोज तुमच्या डोळ्यांखालून जातं. म्हणून गेल्या पाच आठवड्यांत या दोन हातांनी काय काय केलं ते आधी सांगतो, आणि मग काय झालं ते. एक घागरा, अठरा कळ्यांचा, दोन्ही अंगांनी नेसता येणारा (एका अंगाने तपकिरी, दुसऱ्या अंगाने राखी, म्हणजे नग एक आणि घागरे दोन), वजन एक शेर सहा छटाक. अंगात घालायचे दोन कब्जे, दोन्हींना बंद, बटण एकही नाही. कारण आगबोटीवर बटण पडलं तर ते थांबत नाही, घरंगळत जातं, असं जाणत्याकडून कळलं. एक ओढणी, अडीच वार, तिच्या एका पदराला आतून दुहेरी मलमल: डोक्यावर घेतली तर ओढणी, कळशीवर धरली तर पाणी गाळायचं गाळणं, अंथरली तर चादर. एक रुईची, म्हणजे पिंजलेला कापूस भरलेली, बंडी, उलटी करून बंद आवळले की उशी. एक जोडी कापडी सपाता, तळाला बारदानाचे तीन थर, ओल्या लाकडावरून न घसरणाऱ्या. (कापसाच्या जिनाच्या हौदाच्या कडेवरून स्वतः चालून पाहिलं. सात खेपा सरळ गेलो. आठव्या खेपेला हौदात गेलो, पण तो दोष शेवाळाचा.) आणि हे सगळं पोटात घेणारी एक पिशवी, दुहेरी शिवणीची. हे सर्व हाताने फिरवायच्या यंत्रावर, अकरा वर्षं जुन्या. मी शिंप्याच्या घरात जन्मलो नाही आणि कोणाच्या ओट्यावर बसून काजं केली नाहीत. सरकी काढायच्या त्या जिनात कापसाच्या गाठींवर बारदान शिवत होतो, दाभणाने टाका शिकलो, आणि भंगारात आलेलं यंत्र उघडून त्यालाच विचारत विचारत बाकीचं शिकलो. गल्लीतले शिंपी मला पाठीमागे बारदानमास्तर म्हणतात. म्हणोत. त्यांच्यातल्या एकालाही आजवर कोणी आगबोटीचे कपडे सांगितलेले नाहीत.

तर हे कपडे कोणासाठी, ते सांगतो. आमच्या जिनाचे मालक प्रेमचंदशेठ, त्यांच्या आई सुगनबाई. वय अडुसष्ट, दात दोन, आवाज पूर्वीचाच. यंदा हंगाम संपल्यावर प्रेमचंदशेठ आणि जळगाव-दोंडाईच्याचे चार कापूसवाले अशा पाच जणांनी आगबोटीची सहल ठरवली. मुंबईहून निघायचं, गोवा, कोचीन, कोलंबो पाहायचं, आणि मृग लागायच्या आत, बाराव्या दिवशी, पुन्हा मुंबईला उतरायचं. (धुळ्यात हे कोणालाच नीट कळलेलं नाही. तीर्थ नाही, लग्न नाही, वसुली नाही. जायचं कुठे, तर परत यायला. माझं म्हणणं, माणूस झोक्यावर बसतो तोसुद्धा कुठे पोचायला बसत नाही. पण हे म्हणणं मला पुढे महागात पडलं, ते क्रमाने येईल.) हे ऐकून सुगनबाई पेढीवर आल्या आणि म्हणाल्या, मीही येणार.  प्रेमचंदशेठ आईला उलट बोलणारे नाहीत. त्यांनी कंपनीचं पत्रक पुढे केलं. त्यात लिहिलं होतं की उतारूमागे खोलीत एकच नग नेता येईल; सव्वादोन फूट लांब, दीड फूट रुंद, नऊ इंच उंच, आणि वजन वीस शेरांच्या आत. शेठ हसून म्हणाले, "बाई, चला ना, कोण नको म्हणतं. एवढ्या मापात तुमचं सामान बसवा आणि चला." पाच जण होते, पाचही हसले. कारण दोन वर्षांमागे याच सुगनबाई पालिताण्याला गेल्या तेव्हा नग चौदा होते, त्यात एक जातं होतं, आणि चाळीसगावला गाडी बदलताना ते जातं खुद्द प्रेमचंदशेठनी पोटाशी धरून पूल चढवला होता.

दुसऱ्या दिवशी बाई माझ्या दुकानी आल्या. स्टुलावर बसल्या, दम घेतला आणि म्हणाल्या, "तोताराम, आपण्या घरच्या गाठी चाळीस वरस समंदरात गेल्या. मालक गेले, गाठी जातेच आहेत. त्या कुठे जातात, ते मने एक वार देखू दे." नाना, मी त्या गाठी शिवल्या आहेत. एका हंगामात अकराशे. त्या कुठे जातात हा प्रश्न मला कधी पडला नव्हता, आणि पडायला पाहिजे होता असं तेव्हा वाटलं. मी म्हणालो, बाई, बसवतो. नाही बसवलं तर कात्री पांझरेत टाकतो. हे दुकानात उभ्या असलेल्या सहा गिऱ्हाइकांसमोर म्हणालो, म्हणजे गावासमोर. घरी तुमच्या बहिणीला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापता थापता म्हणाली, "पांझराले पानी नही. कात्री वाळूमा पडी, आन् रातले जाईसन उचली आनशात." म्हणजे माझी प्रतिज्ञासुद्धा तिने वाळूत बसवली.

पहिलं काम वजनाचं. बाईंचा रोजचा घागरा जिनाच्या काट्यावर टाकला: चार शेर दहा छटाक. बेचाळीस कळ्या. नाना, तुम्हाला कल्पना नसेल, पण त्यांच्या जैन मारवाड्यांत घेर म्हणजे घराणं. कळ्या कमी करा म्हणणं म्हणजे घराचा एक मजला उतरवा म्हणण्यासारखं. मी बारा म्हणालो. बाई उठून घरी गेल्या. दोन दिवसांनी निरोप आला, छत्तीस. मी निरोप धाडला, चौदा. उलट निरोप आला, तीस, आणि तोतारामला सांगा की माझ्या सुनेचासुद्धा तीसच्या खाली नाही. असे नऊ दिवस निरोप गेले आले. सरकी विकताना शेठ इतकी घासाघीस करत नाहीत. शेवटी मी वाऱ्याचा मुद्दा काढला. आमच्याकडे छगन म्हणून एक जण आहे. मोठ्या लढाईत बसऱ्याला जाऊन आला, धुळ्यात खारं पाणी पाहिलेला विश्वासाचा माणूस तोच. (तो सांगतो की चार दिवसांत त्याने समुद्र एकदाच पाहिला, बाकी वेळ तो बादली पाहत होता. तरी आमच्यापेक्षा त्याचं ज्ञान जास्तच.) छगन म्हणाला की वरच्या मजल्यावर वारा असा असतो की पागोटं गेलं तर अरबस्तानात सापडतं. हे मी बाईंना जसंच्या तसं सांगितलं आणि म्हणालो, बेचाळीस कळ्यांत तो वारा भरला तर आगबोट जाईल कोलंबोला आणि तुम्ही जाल बसऱ्याला. संध्याकाळी निरोप आला, अठरा.

पण अठरा कळ्यांतही वारा भरणारच. घेराला खाली काही तरी जड पाहिजे. शिसं घातलं तर वजन वाढतं, आणि एक छटाक फुकट देण्याची माझी तयारी नव्हती. मी तीन दिवस विचार केला. मग नजर गेली बाईंच्या सुपारीकडे. त्या दिवसाला नऊ सुपाऱ्या खातात, अगदी मोजून नऊ. बारा दिवसांच्या झाल्या एकशे आठ. त्या डब्यात नेल्या तर डब्याचं वजन, पिशवीत नेल्या तर पिशवीचं. मी घागऱ्याच्या काठात नळी शिवली आणि एकशे आठ सुपाऱ्या घेरभर ओवल्या. आता बघा नाना, तीच सुपारी काठाला भार, तीच बारा दिवसांची बेगमी, आणि एकशे आठ म्हणजे जपाची माळही तीच. बसल्या बसल्या काठ हातात धरायचा आणि नवकार मोजायचा. तुमची बहीण म्हणाली, माळ खात गेल्यावर जप कमी होत जाईल. मी म्हणालो, परतीच्या दिवशी जप कमी असला तर चालतो. हे मी घाईत बोललो. त्यावर अजून विचार चालू आहे.

मग परीक्षा. समुद्र इथून कुठे आणणार. पण आखाजीचे झोके आठवडाभर आधीपासून टांगलेले होते, जिनामागच्या निंबाला मोठा झोका होता. छगनने माझंच झोक्याचं म्हणणं माझ्यावर उलटवलं, म्हणाला, आगबोट अशीच हलते, फक्त हिला उतरता येतं. बाईंना नवा घागरा नेसवून झोक्यावर बसवलं. प्रेमचंदशेठ पाहायला आले होते, आणि त्यांचे मुनीम रुपचंद वही घेऊन झोक्यासमोर उभे राहिले, का तर सामानाची काही फजिती झाली तर तारखेनिशी टिपता यावी. पहिले चार झोके उत्तम. घेर हलला नाही. मी घड्याळ धरून उभा. बाई मात्र रंगात आल्या. चाळीस वर्षांनी झोक्यावर बसल्या होत्या, माहेरचं काही तरी गुणगुणायला लागल्या, आणि पोरींना म्हणाल्या, जोर लावा. पोरींनी लावला. नाना, शेतात पाखरं उडवायची गोफण तुम्ही फिरवलेली आहे. दोरी थांबते, दगड थांबत नाही. झोका टोकाला जाऊन थांबला, बाई थांबल्या, एकशे आठ सुपाऱ्या थांबल्या नाहीत. काठ तसाच पुढे गेला आणि रुपचंद मुनिमांच्या नडगीवर बसला. मुनीम वहीसकट खाली. मी धावत गेलो, आधी काठ पाहिला. एक टाका उसवला नव्हता. हे मी मुनिमांना सांगितलं, तरी त्यांना बरं वाटलं नाही. प्रेमचंदशेठ म्हणाले, "तोताराम, हे कपडे आहेत की हत्यार?" आणि बाईंकडे वळून म्हणाले, झालं ना बघून, आता उतरा. बाई उतरल्या नाहीत. अर्धा तास झोका घेतला.

त्याच संध्याकाळी मी काठ उसवला. सुपाऱ्या आडव्या होत्या त्या उभ्या केल्या. अठरा कळ्या म्हणजे अठरा शिवणी, प्रत्येक शिवणीत सहा. अठरा सक एकशे आठ, एकही सुपारी उरली नाही. असा हिशोब बसला की मला जेवण लागत नाही, तुमची बहीण सांगेल. दुसऱ्या झोक्याला मुनीम आले नाहीत, पण घेर शहाण्यासारखा वागला.

आता सगळं तयार. घागरा, कब्जे, ओढणी, बंडी, सपाता, एक जुना घागरा (कोलंबोत देवळात गेलं तर घराणं दिसायला पाहिजे, यावर बाई अडून बसल्या), पांघरायची सोलापुरी चादर, पापड, खाखरे, मेथी, पितळी गडू, कळशी, आणि दात दोनच असल्यामुळे सुपारी कुटायला पितळी खलबत्ता. एकूण वजन, वर शिवायच्या बारदानासकट, एकोणीस शेर बारा छटाक. वीस शेरांना चार छटाक कमी. मी स्वतःला शाबासकी दिली, कारण शेजारी कोणी नव्हतं. मग सगळं रचलं आणि गजाने मोजलं. लांबी बरोबर, रुंदी बरोबर, उंची बावीस इंच. पाहिजे नऊ. मी पिशवीवर बसलो, वीस झाली. तुमच्या बहिणीला बसवलं, अठरा. दोघे बसलो, पंधरा; पण आम्हा दोघांना आगबोटीवर तसंच बसून जाता येणार नव्हतं.

त्या रात्री मला झोप नाही. पहाटे उठून बसलो आणि स्वतःच्या कपाळावर हात मारला. बावीस वर्षं कापसात काढली, आणि बावीस इंचांना घाबरलो. कापूस तरी काय असतो? खोलीभर. प्रेसमध्ये घातला की गाठ. घागरा म्हणजे कापूसच, फक्त शहाणा झालेला. काल शुक्रवारी सकाळी बाईंना घेऊन जिन गाठला. हंगाम संपला होता, पण फिटर पुना प्रेस पुसून ठेवायला आला होता. मी पिशवी प्रेसच्या पेटीत ठेवली. तो पिशवीकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने पाहत राहिला. "आबा, हाऊ काय कापूस शे का?" मी म्हणालो, होता आणि होईल, तू दाब. त्याने दाबला. नाना, तो आवाज मी अकराशे गाठींचा ऐकलेला आहे, पण काल छातीत झाला. वर काढलं तेव्हा सहा इंच उंचीची वीट. तीन लोखंडी पट्ट्या आवळल्या, वर बारदान शिवलं, आणि पुनाने हात चालता चालता सवयीने शाई घेऊन घरची निशाणी उमटवली, खाली गाठीचा नंबर. मी पुसायला गेलो तर बाई म्हणाल्या, राहू दे. त्या नंबरावर त्यांनी दोनदा हात फिरवला.

मग काटा. आता प्रेमचंदशेठ, सगळी पेढी, नडगीला हळद लावलेले मुनीम, गल्लीतले दोन शिंपी (यांना कोणी बोलावलं ते कळलं नाही), आणि मी कात्री कमरेला खोवून. मुनिमांनी वजनं लावली आणि मोठ्याने वाचलं: एकवीस शेर चार छटाक. पट्ट्यांचं वजन मी धरलं नव्हतं. तीन पट्ट्या, प्रत्येकी अर्धा शेर. कापसाच्या गाठीत पट्टीचं वजन धरून वजावट करतात, ही गोष्ट मला झोपेत विचारली तरी सांगितली असती. जागेपणी कोणी विचारली नाही. शिंपी एकमेकांकडे पाहून नाक खाजवायला लागले. प्रेमचंदशेठ म्हणाले, बाई, तोतारामने पुष्कळ केलं, पण नियम तो नियम. बाई काट्यापाशी गेल्या, पारड्याकडे पाहत उभ्या राहिल्या.  अडुसष्ट वर्षांच्या माणसाने असं उभं राहू नये, बघणाऱ्याचे हात चालेनासे होतात.

मी म्हणालो, पुना, पट्ट्या तोड. तोडल्या. गाठ अशी उसळली की पुनाची टोपी गेली. आत पाहिलं. पापडांचं पीठ झालं होतं, त्याचं काही नाही, पापड शेवटी पीठच असतो. कळशी आणि गडू रुईत गुंडाळले होते, ते थोडे बसके झाले. खल मात्र बशीसारखा पसरला होता आणि बत्ता त्यात उभा राहीना. मी कपाळाला हात लावणार, तोच घागऱ्याची शिवण हाताला लागली. मऊ. दाबून पाहिली, कुरकुरीत. प्रेसने एकशे आठच्या एकशे आठ सुपाऱ्या शिवणीतल्या शिवणीत कुटून ठेवल्या होत्या. बारीक, एकसारख्या, दोन दातांना परवडतील अशा. मी शिवणीचं तोंड सोडून चिमूटभर बाईंच्या तळहातावर ठेवली. त्यांनी तोंडात टाकली, चघळली आणि सगळ्या पेढीसमोर म्हणाल्या, "खलबत्ता काढ." खलबत्त्याचं वजन एक शेर आठ छटाक. पुन्हा दाबलं, पुन्हा तीन पट्ट्या, पुन्हा बारदान, पुन्हा काटा. एकोणीस शेर बारा छटाक, पट्ट्यांसकट. उंची सहा इंच. मुनिमांना ते दोनदा वाचायला लावलं. (बोटांची चिंधी या दुसऱ्या खेपेची. घाई केली.) जपाची माळ तेवढी गेली, हे कबूल करतो, पण बाई म्हणतात, मोजणं आता पुरे.

तेव्हा नाना, मंगळवारच्या रात्रीच्या गाडीने ही मंडळी निघतील, गुरुवारी वीस तारखेला सकाळी आगबोट सुटेल, आणि सुगनबाई तिच्यावर असतील. आगबोटीवर पट्ट्या कापल्यावर ती गाठ पुन्हा बावीस इंच होईल, मग परतताना काय, असं तुमच्या बहिणीने विचारलं: "तठे कोन दाबी देई, मासा?" याला उत्तर साधं आहे. परतताना उतरायचं असतं, उतरणाऱ्याचं सामान कोण मोजतो? गल्लीत सध्या माझं नाव आहे. मला कोणाकडून काही नको. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, कफाला अडुळसा.

तुमचा
तोताराम

ता. क. पत्र इथे संपलं होतं, पण पाकीट बंद करण्याआधी एक लहानशी चौकशी. धक्क्यावर आधी तिकीट पाहतात की आधी सामान मोजतात? कारण असं की बाईंनी महिन्यामागे आपलं तिकीट माझ्या हाती दिलं आणि म्हणाल्या, घरात कोणाच्या हाताला लागणार नाही असं ठेव. मी रुईच्या बंडीला डाव्या बगलेत चोरकप्पा केला, तिकीट आत घातलं आणि बारा टाक्यांनी तोंड बंद केलं. काम इतकं सफाईचं झालं की काल दोनदा बंडी माझ्या हातांतून गेली आणि मलाही आठवलं नाही. आज सकाळी तोंड धुताना आठवलं. तिकीट गाठीत आहे, वरून तिसऱ्या थरात. पट्ट्या तोडल्या तर गाठ बावीस इंच, आणि प्रेस आजपासून मृगापर्यंत सुट्टीवर. पुना सासुरवाडीला शिरपूरकडे गेला. पट्ट्या नाही तोडल्या तर तिकीट नाही. म्हणजे आधी सामान मोजत असतील तर मोजून झाल्याबरोबर पट्ट्या कापायच्या आणि तिकीट काढून द्यायचं, मग गाठ कितीही फुगो, मोजणारा पुढे गेलेला असेल. त्यासाठी पट्ट्या कापायची मोठी कात्री घेऊन तुम्ही गुरुवारी पहाटे धक्क्यावर बाईंच्या अंगाला अंग लावून उभं राहावं. आधी तिकीट पाहत असतील तर तुम्ही गोदीतले, त्या मोजणाऱ्या साहेबाला पाच मिनिटं बोलण्यात गुंतवावं आणि क्रम उलटा करवावा. बाईंना वाटतं की तिकीट मी वेगळं ठेवलं आहे. त्यांना खरं सांगायचा धीर मला होत नाही. त्या आज सकाळपासून आपल्या दारात पायांत जोडे घालून बसल्या आहेत. उत्तर तारेने, सोमवारी. फक्त एक शब्द: सामान, किंवा तिकीट.

ता. क. दुसरा. तुमची बहीण शेजारी उभी आहे आणि लिहायला सांगते की भाऊने आखाजीला बोलावलं नाही, निदान कात्री घेऊन तरी जावं. शिवाय म्हणते, हौदात पडलो तो चौथ्या खेपेला. ती तिथे नव्हती.

ता. क. तिसरा. ती आत गेली म्हणून लिहितो. तिला हे सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नये. काल दिवेलागणीला प्रेमचंदशेठ एकटेच दुकानी आले. स्टुलावर बसले, माझ्या हातयंत्राची मूठ उगीच दोनदा फिरवली, आणि म्हणाले की बाईंवर माझा राग नाही, पण आम्ही पाच जण आहोत, बोटीवर कोणी सूर्य मावळल्यावर जेवेल, कोणी बटाटा खाईल, आणि त्या टेबलाच्या टोकाला बाई बसलेल्या असतील. बारा दिवस माझ्या घशाखाली घास उतरणार नाही. तेव्हा मंगळवारच्या आत एक पट्टी तुटू दे. लोखंड आहे, तुटतं, कोणी तुला बोल लावणार नाही. मी म्हणालो, शेठजी, मी बांधलेली पट्टी आपोआप तुटली यावर गावात कोणी विश्वास ठेवणार नाही, आणि ठेवला तर ते मला चालणार नाही. ते पायाने चालवायचं नवं शिलाई यंत्र देत होते, माझ्या पसंतीचं, मुंबईहून मागवून, आणि वर रोख दोनशे एक रुपये. यातलं मी काही घेतलं नाही, एवढंच तिला कळू नये.